दोन ते अडीच

विभागीय कार्यालयातून पत्रक आलं:
जेवणाच्या सुट्टीचा अधिक चांगला उपयोग करा.
सात सूचना, खाली सही, सहीवर शिक्का.
शिरगावकरांनी ते कूलरवर चिकटवलं,
निदान पाणी पिताना तरी वाचतील म्हणून.

मी वाचलं. मी सगळंच वाचते.
एकोणीस वर्षं रोखपाल आहे,
नोटांवर पेनानं केलेल्या बेरजासुद्धा वाचते.

पहिल्या आठवड्यात चालून पाहिलं,
रावपुऱ्यातून सूरसागरापर्यंत.
मे महिना. तळ्यात शंकर एकटा उभा,
काठावर मी, डोक्यावर रुमाल,
आम्हा दोघांशिवाय बाहेर कुणी नाही.
परतले तर पोलकं पाठीला चिकटलेलं
आणि डबा तसाच.
मग दीर्घ श्वास. डोळे मिटून दहा घ्यायचे होते,
सातव्याला दक्षाबेननं विचारलं, "प्रेशर वाढलं के?"
पुस्तकही आणलं. बाराव्या पानावर
लोणच्याचं तेल सांडलं,
तिथपर्यंतच गोष्ट मला माहीत आहे.

खिडकीत पाटी मीच लावते.
एका बाजूला दोन ते अडीच,
दुसरी बाजू कोरी.
पाटी लागली की काचेपलीकडे एक माणूस यायचा.
सोनेरी काठाची पांढरी टोपी,
प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक.
पाटी वाचायचा, मनगटाकडे बघायचा, जायचा.
कधी भांडला नाही,
म्हणून तर लक्षात राहिला.

एक दिवस दारातच गाठलं.
"अडीचनंतर का नाही येत?"
म्हणाला, "बेन, न्यायमंदिरापाशी घड्याळाच्या दुकानात
नोकरी करतो. शेठ दोन ते अडीचच सोडतात.
तुमची सुट्टी तीच माझी."
जरा थांबून, जणू माझीच समजूत घालत:
"सगळ्या गावाला एकदमच भूक लागते, शुं करीए."

पासबुक ठेवून घेतलं.
दुसऱ्या दिवशी पावणेदोनला मशीनमध्ये घातलं.
चौदा महिन्यांच्या नोंदी,
मशीन करकरत राहिलं, थांबेचना.
पासबुक बँकेबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे.
मी ते भाकरीच्या फडक्यात गुंडाळून नेलं.

सात मिनिटं लागतात. मोजली.
दुकानामागच्या बोळात दोन स्टुलं,
एकावर कैझरभाई, एकावर त्यांची खिचडी-कढी.
खिचडी उचलून मांडीवर घेतली, स्टूल पुसलं.
पहिल्या दिवशी मी फक्त पाणी प्यायले.
त्यांनी नोंदींवरून बोट फिरवलं, ओळ न् ओळ,
एका रकमेपाशी थांबले, मान हलवली.
कसली रक्कम, मी विचारलं नाही.
ते बँकेत विचारायचं असतं, बोळात नाही.

मग एका गुरुवारी आईचं घड्याळ नेलं,
सोळा वर्षं कपाटात, बंद पडलं म्हणून.
त्यांनी डोळ्याला भिंग लावलं,
मागचं झाकण काढलं, फुंकर घातली.
"आ तो बंद पडलंच नाही.
कोणी चावी दिली नाही."
मला भिंग दिलं. आत
मोहरीएवढं चाक थरथरत होतं.
त्या दिवशी भाकरीचा अर्धा तुकडा
मी त्यांच्या ताटलीत ठेवला. त्यांनी कढी वाढली.
गोड होती. इथल्या कढीची मला
अजून सवय नाही, जन्म इथेच जाऊनही.

तीन महिन्यांनी कार्यालयाचा फॉर्म आला.
सुट्टीचा उपयोग कसा केलात?
चालणे, वाचन, ध्यान, इतर.
इतरपुढे बोटभर टिंबं.
पेन तिथे टेकवलं, उचललं,
आणि चालणे वर खूण केली.
खोटं नाही. सात जायला, सात यायला.

घड्याळ चार मिनिटं पुढे जातं.
कैझरभाई म्हणतात, आणा, मेळवून देतो.
उद्या आणते म्हणते, आणत नाही.
माझे दोन वाजले की
मी पाटी लावते.